ठिकाण न सांगता बोलणं

नौसैनिकाला पाठवायच्या पत्रावर गावाचं नाव नसतं. त्याचा हुद्दा, नाव, जहाजाचं नाव आणि शेवटी ‘द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ एवढंच. जहाज त्या दिवशी मुंबईच्या नौदल गोदीत बांधलेलं असो, कोचीला असो किंवा एडनच्या आखातात गस्त घालत असो, पत्ता तोच. पाकीट फ्लीट मेल ऑफिसात पोचतं आणि तिथून ते जहाजापर्यंत पोचवलं जातं. पूर्व किनाऱ्यावरच्या जहाजांसाठी अशीच सोय विशाखापट्टणमला आहे. लष्करातल्या मुलांची पत्रं ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ या पत्त्यांवर जातात, हे मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना पाठ आहे. पत्र पाठवणाऱ्याला मुलगा नेमका कुठे आहे हे न कळता त्याच्याशी बोलता यावं, अशी ही जुनी आणि साधी युक्ती.

मोबाइल फोनला नेमकी हीच युक्ती जमत नाही. तो बोलण्याआधी स्वतःचं ठिकाण सांगतो. युद्धनौकेवर स्मार्टफोनला इतकी बंधनं का, या प्रश्नाचं उत्तर या एका फरकात आहे.

धाराशिव जिल्ह्यातला वाशी तालुका बालाघाटच्या पठारावरचा, पावसाची वाट पाहणारा. समुद्र इथून सरळ रेषेतही सुमारे तीनशे किलोमीटर दूर. इथलं पोरगं नौदलात अग्निवीर म्हणून निवडलं गेलं की आधी जातं ओडिशात, चिल्का सरोवराकाठच्या ‘आयएनएस चिल्का’ या प्रशिक्षण केंद्रात. तिथलं प्राथमिक प्रशिक्षण सोळा आठवड्यांचं. मार्च २०२३ मध्ये तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत अडीच हजारांहून जास्त अग्निवीर होते आणि त्यांत मुलीही होत्या. प्रशिक्षण झालं की नेमणूक जहाजावर होते आणि घरी एक नवी तक्रार सुरू होते : कालपर्यंत लागणारा फोन आज लागत नाही. मुलाचं काही बिनसलं का, तो विसरला का, जहाजावर काही झालं का? बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं.

फोन काय काय सांगतो

खिशात गप्प पडलेला फोनही गप्प नसतो. तो जवळच्या टॉवरला अधूनमधून ‘मी इथे आहे’ असं कळवत राहतो, कारण तसं केल्याशिवाय आलेला कॉल कुठे वळवायचा हे कंपनीला कळणार नाही. या हजेरीत सिमकार्डाचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाचे पहिले तीन आकडे देश दाखवतात. भारतीय सिमचे ते आकडे ४०४ किंवा ४०५ असतात.

आता एक युद्धनौका परदेशी किनाऱ्याजवळून रात्री जाते आहे असं समजा. तिच्यावर तीनशे माणसं आहेत आणि त्यातल्या पन्नास जणांचे फोन चालू आहेत. किनाऱ्यावरच्या टॉवरवर रात्री दोन वाजता समुद्राच्या बाजूने एकदम पन्नास भारतीय सिमकार्डं हजेरी लावतात, तासाभराने ती सगळी पुढच्या टॉवरवर दिसतात आणि मग एकत्रच नाहीशी होतात. कुणीही कुणाशी एक शब्द बोललेलं नसतं. तरी त्या देशाच्या गुप्तचरांना जहाजाची वेळ, दिशा आणि अंदाजे वेग कळलेला असतो. पुढे तेच पन्नास क्रमांक दुसऱ्या बंदरात दिसले तर ते कोणतं जहाज, हेही कळतं.

खोल समुद्रात टॉवर नसतात. तिथे फोन बहुतेक वेळ नुसता कानोसा घेतो. पण त्याचे वाय-फाय आणि ब्लूटूथ चालू असतील तर ते आसपास हाका मारत राहतात. शिवाय उपग्रहांकडून स्वतःचं ठिकाण टिपून ठेवायला फोनला नेटवर्क लागतच नाही. आज समुद्रात काढलेल्या फोटोत अक्षांश, रेखांश आणि वेळ कोरलेली राहते, आणि पंधरा दिवसांनी बंदरात नेटवर्क आलं की तो फोटो आपोआप ऑनलाइन साठवला जातो. जानेवारी २०१८ मध्ये याचा धडा सगळ्या जगाने पाहिला. धावपटूंच्या ‘स्ट्राव्हा’ या ॲपने वापरकर्त्यांच्या धावण्याच्या मार्गांचा एक जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता. ओसाड वाळवंटात मध्येच उजळ चौकोन दिसू लागले. ते परदेशी सैन्याचे तळ होते. तिथले सैनिक मनगटी घड्याळ लावून कुंपणाच्या आतून धावत होते, इतकंच.

प्रक्षेपणावरून शत्रूचा माग काढण्याची विद्या मोबाइलपेक्षा कितीतरी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्या आपल्या मुख्यालयाला वायरलेसवरून थोडक्यात अहवाल पाठवत. दोस्त राष्ट्रांच्या जहाजांवरच्या दिशाशोधक यंत्रांना तेवढे थोडे क्षण पुरत. मजकूर कळला नाही तरी चालायचं, आवाज कुठून आला ते कळायचं. म्हणून गरजेप्रमाणे जहाजाचं प्रत्येक प्रक्षेपण बंद ठेवण्याची शिस्त प्रत्येक नौदल पाळतं. त्या काळात रडारही बंद असू शकतं. स्वतःचं रडार बंद ठेवणाऱ्या कॅप्टनने खलाशांचे फोन चालू ठेवायचे, हे कसं जमणार?

यातही पाणबुडी सगळ्यांत अबोल. नेहमीच्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत. अतिशय कमी कंप्रतेच्या लहरी काही मीटर खोल जातात. भारतीय नौदलाचं त्यासाठीचं केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे, ‘आयएनएस कट्टबोम्मन’. तिथून पाणबुडीला निरोप देता येतो. पाणबुडी तो ऐकते, पण त्याच मार्गाने उत्तर देऊ शकत नाही. माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुडीतली चाळीस-पंचेचाळीस माणसं अशी दिवसेंदिवस फक्त ऐकून घेतात.

आईच्या आजारपणाची तार

घरगुती निरोपाला युद्धात किती किंमत असते, याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण भारतीय नौदलाच्याच इतिहासात आहे. १९७१ सालच्या युद्धाच्या तोंडावर ‘विक्रांत’ ही भारताची एकमेव विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात होती. तिला बुडवण्यासाठी पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी निघाली होती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानच्या बाजूला दडवून ठेवलं आणि ती विशाखापट्टणमजवळच आहे असा देखावा उभा केला.

त्यासाठी ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेला विक्रांतचं सोंग देण्यात आलं. समुद्रात जाऊन तिने मोठ्या जहाजाला शोभेल इतके वायरलेस संदेश पाठवायला सुरुवात केली. विशाखापट्टणमच्या बाजारात धान्य, मटण, भाजी यांच्या मोठाल्या मागण्या नोंदवल्या गेल्या, म्हणजे गावात बोलबाला व्हावा की मोठा ताफा आलाय. आणि या सगळ्यात एक तार होती. विक्रांतवरच्या एका नौसैनिकाने म्हणे आपल्या आईच्या गंभीर दुखण्याची चौकशी केली होती. ती मुद्दाम सांकेतिक भाषेत न घालता उघड पाठवली गेली. कृष्णन यांनी आपल्या आठवणींत हे नमूद केलं आहे.

या तारेमागचा विचार बारकाईने पाहण्यासारखा आहे. लष्करी संदेश खोटा असू शकतो, हे शत्रूला ठाऊक असतं. आईच्या काळजीने पोरगं हवालदिल होतं आणि नियम मोडून तार करतं, यावर मात्र कुणाचाही विश्वास बसेल. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या समोरच बुडाली. ती राजपूतच्या माऱ्याने बुडाली की तिच्यातच स्फोट झाला, याबद्दल दोन्ही देशांची कथनं वेगळी आहेत. पण ती तिथे आली होती, एवढं नक्की.

आज ती तार करायला पोस्टात जावं लागत नाही. ‘आई, आज निघतोय, आठ दिवस फोन लागणार नाही’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप तेच सांगतो, आणि या खेपेला तो खरा असतो.

२०१९ चा आदेश आणि त्यानंतर

डिसेंबर २०१९ मध्ये आंध्र प्रदेश पोलिसांनी ‘डॉल्फिन्स नोज’ नावाच्या मोहिमेत नौदलाच्या सात कर्मचाऱ्यांना आणि एका हवाला दलालाला अटक केली. नौसैनिक विशाखापट्टणम, कारवार आणि मुंबई इथले होते. आरोप असा होता की फेसबुकवर ओळख वाढवणाऱ्या अनोळखी बायकांच्या खात्यांमागे पाकिस्तानी हेर होते आणि जहाजांच्या, पाणबुड्यांच्या हालचालींची माहिती त्यांच्यापर्यंत गेली. त्या महिन्याच्या अखेरीस नौदलाने तळ, गोद्या आणि युद्धनौका यांवर स्मार्टफोनला बंदी घातली. फेसबुकसारख्या समाजमाध्यमांवरही बंदी आली.

प्रश्न तिथे संपला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंबईच्या नौदल गोदीत शिकाऊ उमेदवार राहिलेल्या २३ वर्षांच्या तरुणाला पकडलं. समाजमाध्यमांवर ओळख झालेल्या व्यक्तींना त्याने संवेदनशील माहिती पुरवल्याचा आरोप होता. मे २०२५ मध्ये याच पथकाने ठाणे परिसरातल्या एका अभियंत्याला अटक केली. कामानिमित्त तो युद्धनौकांवर जात असे. आत फोन नेता येत नसल्याने पाहिलेलं लक्षात ठेवून, बाहेर आल्यावर आकृत्या काढून आणि आवाजी निरोप पाठवून त्याने माहिती दिल्याचा आरोप तपास यंत्रणेने ठेवला.

या शेवटच्या प्रकरणातून नियमाची ताकद आणि त्याची मर्यादा, दोन्ही दिसतात. कॅमेऱ्याऐवजी आठवणीवर भागवावं लागलं, म्हणजे फाटकावरची बंदी काही प्रमाणात काम करते. पण कुलूप फोनला लावता येतं, माणसाच्या एकटेपणाला नाही. महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणाऱ्या, हातात नवा पगार असलेल्या विशी-बाविशीच्या मुलाशी कुणीतरी रोज आपुलकीने बोलू लागतं, तेव्हा हेरगिरी कामाला लागलेली असू शकते. पहिले काही आठवडे त्याला काहीच विचारलं जात नाही. मग एखादा सहज प्रश्न येतो : सुट्टी कधी, जहाज कधी परत येणार?

दारूगोळ्याच्या शेजारी

फोनला मज्जाव असण्याचं दुसरं कारण हेरगिरीशी संबंधित नाही. युद्धनौकेवर क्षेपणास्त्रं, टॉर्पेडो, तोफगोळे आणि शेकडो टन इंधन माणसांच्या झोपायच्या जागेपासून काही भिंती पलीकडे असतं. अनेक आधुनिक स्फोटकं विजेच्या बारीक प्रवाहाने पेटतात. आत एक केसासारखी तार असते, प्रवाह आला की ती तापते आणि पुढचं घडतं. जवळच्या रेडिओ प्रक्षेपणामुळे अशा तारांमध्ये नको तो प्रवाह निर्माण होऊ शकतो. म्हणून दारूगोळा हाताळताना कोणतं प्रक्षेपक यंत्र किती अंतरावर चालेल, याचे जगभरच्या नौदलांत कडक नियम आहेत. फोनची शक्ती थोडी असते, पण तो खिशात असतो, म्हणजे अंतर जवळपास शून्य. वाशी तालुक्यातल्या तेरखेड्याचे लोक फटाक्यांच्या कारखान्यात काम करतात. शेडमध्ये काडेपेटी का न्यायची नाही, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जहाजावर तोच नियम काडी न दिसणाऱ्या आगीला लावलेला आहे.

जहाजावर आगीची धास्ती कायमची असते. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीला असलेल्या ‘आयएनएस ब्रह्मपुत्र’ या जहाजाला आग लागली, जहाज एका कुशीवर कललं आणि एका नौसैनिकाचा जीव गेला. हे बंदरात घडलं, जिथे अग्निशमनाची मदत हाताशी होती. समुद्रात ती नसते. म्हणून स्वयंपाकी असो की लेखनिक, जहाजावरचा प्रत्येक जण आग विझवायला शिकलेला असतो आणि त्याचा सराव सतत चालतो.

जहाजावरचा दिवस

फोन बाजूला ठेवला तर मग दिवस जातो कसा? सहज जातो, कारण रिकामा वेळच थोडा. जहाज कधीच झोपत नाही. दिवसाचे चार-चार तासांचे पहारे पाडलेले असतात, त्यांना ‘वॉच’ म्हणतात. त्यात एक गंमत आहे. चोवीस तासांत चार तासांचे सहा पहारे झाले असते, आणि तीन तुकड्या आलटून पालटून काम करत असतील तर एकाच तुकडीच्या नशिबी रोज मध्यरात्र आली असती. म्हणून संध्याकाळी चार ते आठ हा पहारा दोन-दोन तासांत तोडलेला आहे. पहारे होतात सात. सातला तीनने भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येकाची वेळ रोज सरकते. मध्यरात्री बारा ते चार जागण्याची पाळी सगळ्यांना येते आणि सगळ्यांची जातेही.

पहारा संपला म्हणजे काम संपलं असं नाही. यंत्रांची देखभाल, रंगकाम, साफसफाई, सराव आणि वर्ग असतातच. खाऱ्या हवेत लोखंड रोज गंजतं, म्हणून घासणं आणि रंगवणं हे न संपणारं काम. सूचना ध्वनिवर्धकावरून येतात, त्यांना जहाजावर ‘पाइप’ म्हणतात, कारण पूर्वापार त्या बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या मुकादमाच्या, शिटीने दिल्या जात. बंदरात असताना सकाळी आठला ध्वज चढतो आणि सूर्यास्ताला उतरतो. रात्री समुद्रात जहाज अंधारलेलं ठेवायचं असेल तेव्हा बाहेर उजेडाचा कवडसाही जाऊ देत नाहीत आणि आत मंद लाल दिवे लागतात. उघड्या डेकवर उजळलेला फोनचा पडदा काळ्या रात्री लांबूनही दिसतो. म्हणजे रेडिओलहरींचा विचार सोडला तरी फोनचा नुसता उजेडही जहाजाला भोवू शकतो.

झोपायला एकावर एक तीन बंक. प्रत्येकाला एक लहान लॉकर. पाणबुडीत जागा इतकी तोकडी असते की पहाऱ्यावरून आलेला खलाशी बऱ्याचदा नुकत्याच उठून गेलेल्या सहकाऱ्याच्या जागेवर झोपतो. मुंबईत बांधलेली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ ही विनाशिका १६३ मीटर लांब आहे. तिच्यावर तीनशेच्या आसपास माणसं राहतात आणि त्याच लांबीत इंजिनं, शस्त्रं, हेलिकॉप्टर आणि स्वयंपाकघरही मावतं.

पाणी हा वाशीकरांच्या जिव्हाळ्याचा विषय. चारी बाजूंनी समुद्र आणि पिण्याला थेंब नाही. जहाज समुद्राचं पाणी यंत्राने गोडं करतं. ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवरचे दोन संच दिवसाला ४०० टन गोडं पाणी तयार करतात. ते झाले चार लाख लिटर, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. सोळाशे माणसांत वाटले तर माणशी अडीचशे लिटर होतात. पण हे जहाज वाफेवर चालतं, त्याच्या बॉयलरना शुद्ध पाणी लागतं, स्वयंपाक आणि कपडे धुणंही त्यातच. लहान जहाजावर हिशेब आणखी काटेकोर. म्हणून आंघोळीची सवय बदलते : अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण लावायचा, पुन्हा नळ उघडून पटकन धुवायचं. टँकरची वाट पाहत मोठ्या झालेल्या मुलाला हे शिकवायला फार वेळ लागत नसावा.

याच विक्रमादित्यला महिन्याला जवळपास एक लाख अंडी, २०,००० लिटर दूध आणि १६ टन तांदूळ लागतो. पूर्ण शिधा भरला की ती सुमारे ४५ दिवस समुद्रात राहू शकते. लांब मोहिमेत आधी पालेभाजी संपते, मग बटाटे, कांदे, डाळी यांवर भिस्त. इंधन मात्र चालत्या जहाजांतही भरता येतं : ‘दीपक’ किंवा ‘शक्ती’सारखं इंधनवाहू जहाज शेजारून त्याच वेगाने चालतं आणि दोघांमध्ये नळ टाकला जातो.

जेवणाला जहाजावर किती महत्त्व आहे, हे मुंबईने एकदा पाहिलंय. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘एचएमआयएस तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अपमानाच्या वागणुकीविरुद्ध काम थांबवलं. ते सारे वायरलेसवाले होते. त्यांच्या यंत्रांवरून बातमी जहाजांवर पोचली आणि काही दिवसांत ७८ जहाजं, २० किनारी केंद्रं आणि वीस हजारांहून अधिक नौसैनिक त्या उठावात सामील झाले. जहाजावरच्या माणसांचं समाधान आणि त्यांच्या हातातलं संदेशवहन, या दोन गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, हे त्या आठवड्यात ब्रिटिशांना कळलं.

घर जवळ आणायची धडपड

घरच्यांशी बोलणं ही चैन नव्हे, गरज आहे. ती भागली नाही तर माणसं पळवाटा शोधतात. अमेरिकेच्या नौदलात २०२३ मध्ये ‘यूएसएस मँचेस्टर’ या युद्धनौकेवर काही वरिष्ठ खलाशांनी वर्गणी काढून स्टारलिंकची उपग्रह छत्री विकत घेतली आणि ती गुपचूप डेकवर बसवली. त्या वाय-फायला नाव होतं ‘स्टिंकी’. कुजबुज वाढल्यावर नाव बदलून ते एखाद्या प्रिंटरचं वाटेल असं ठेवलं गेलं. शेवटी अधिकृत उपग्रह यंत्रणा बसवायला आलेल्या तंत्रज्ञाला ती छत्री दिसली. त्यांच्यातल्या मुख्य महिला खलाशाला लष्करी न्यायालयाने दोषी ठरवलं आणि तिचं पद एक पायरी खाली आलं. ती छत्री लावणाऱ्यांमध्ये शत्रूचा हेर कुणी नव्हता. त्यांना घरी बोलायचं होतं, सामने पाहायचे होते. पण जहाजावरून सतत आकाशाकडे जाणारं एक प्रक्षेपण कॅप्टनच्या नकळत चालू होतं.

त्याच सुमारास अमेरिकी नौदल मोठ्या जहाजांवर नियंत्रित इंटरनेट देण्याचे प्रयोगही करत होतं. फरक परवानगीचा आहे, पण त्याहून जास्त चावी कुणाच्या हातात, याचा आहे. अधिकृत यंत्रणा एका क्षणात सगळ्यांसाठी बंद करता येते. तीनशे खिशांमधले तीनशे फोन बंद झाले की नाही, हे कोण बघणार?

भारतीय नौदलाचा स्वतःचा दूरसंचार उपग्रह ‘जीसॅट-७’, म्हणजेच ‘रुक्मिणी’, ऑगस्ट २०१३ मध्ये फ्रेंच गयानातून सोडला गेला. त्याच्या पुढच्या पिढीचा, सुमारे ४,४०० किलो वजनाचा ‘सीएमएस-०३’ नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेला. हे उपग्रह आधी जहाजांच्या कामासाठी आहेत. घरगुती बोलणं कुठल्याही नौदलात कामानंतर येतं आणि परिस्थिती तंग झाली की सगळ्यांत आधी बंद होतं. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटर दूर, चाळीस तासांच्या कारवाईनंतर ‘रुएन’ या अपहृत मालवाहू जहाजावरच्या ३५ सोमाली चाच्यांना शरण आणलं आणि १७ कर्मचाऱ्यांना सोडवलं. असे चाळीस तास घरच्यांसाठी नुसतेच शांततेचे असतात. आणि ती शांतता म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे चाललं आहे, असाच अर्थ बहुधा असतो.

वाशीत बसलेल्यांचा वाटा

नियम नौसैनिकाला बांधतो, पण माहिती घरातूनही बाहेर पडते. गावातल्या ग्रुपवर ‘आमचा दादा आज जहाजावर निघाला’ असं टाकलं की तारीख जाते. गणवेशातला फोटो, त्यावर जहाजाचं नाव आणि मागे धक्का दिसला की जागा जाते. भाऊ, वहिनी, मेहुणा यांची खाती उघडी असतात, आणि ज्याला माहिती हवी आहे तो आधी तिथेच डोकावतो. एकेका घरातून आलेले असे क्षुल्लक तुकडे जोडले की पूर्ण ताफ्याची हालचाल दिसू लागते.

म्हणून घरच्यांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. जाण्या-येण्याच्या तारखा स्टेटसवर लावू नयेत, परत आल्यावरही बंदराचं नाव लिहू नये. मुलाचा फोन आला तर ‘कुठे आहेस’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. ‘जेवलास का, तब्येत कशी’ यावर भागवावं. मुलाचा मित्र किंवा साहेब म्हणून कुणी अनोळखी माणूस जहाजाची चौकशी करू लागला, तर उत्तर न देता मुलाला कळवावं. घरात गंभीर दुखणं किंवा निधन झालं तर निरोप जहाजाच्या अधिकृत वाटेने पाठवावा. तो पत्ता आणि क्रमांक मुलाने सुट्टीत घरी लिहून ठेवावा. वाट सापडली नाही तर धाराशिवच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. आणि पत्रं लिहावीत. ती उशिरा पोचतात, पण पुन्हा पुन्हा वाचता येतात आणि कुणाचंही ठिकाण सांगत नाहीत.

हे सगळं येत्या काळात जास्त निकडीचं होणार आहे. आजवर किनारा वीस-पंचवीस किलोमीटर मागे पडला की नेटवर्क आपोआप जायचं, आणि या नियमाचं अर्धं काम समुद्रच करून टाकायचा. आता साध्या फोनला थेट उपग्रहाशी जोडणारी सेवा काही देशांत सुरू झाली आहे. ती सगळीकडे पोचेल तेव्हा भर समुद्रातही खिशातला फोन हजेरी लावू लागेल. मग समुद्राची मदत संपेल आणि फोन बंद ठेवायचं काम जहाजावरच्या प्रत्येकाने आणि घरातल्या प्रत्येकाने स्वतःच करायचं उरेल.